कामाचं बोलू या : कटिंग होतं, हूक राहतात

प्रश्न : ताई, माझं वय ३६. कराडला घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. हात चांगला आहे असं गिऱ्हाइकंच सांगतात; अवघड गळे, पाइपिंग, पॅचवर्क यासाठी लांबून बायका येतात. पण काम वेळेवर जात नाही. कटिंग करताना मला तहानभूक आठवत नाही. टीप मारून झाली की हूक, काज, तुरपाई राहते आणि मी पुढचं कापड कापायला घेते. दुकानात अर्धवट कामाच्या पिशव्याच पिशव्या. सणाच्या आदल्या रात्री जागून उरकते, तेव्हा मात्र झपाट्यानं होतं. मुलाच्या शाळेतून तक्रारी येत होत्या म्हणून त्याला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे असं निघालं. बोलता बोलता डॉक्टरांनी माझीही चौकशी केली, रीतसर तपासलं आणि मलाही तेच असल्याचं सांगितलं. गोळ्या सुचवल्यात, पण भीती वाटते म्हणून सुरू केल्या नाहीत. यजमान म्हणतात, ‘वेळापत्रक कर आणि पाळ.’ डायऱ्या आणून झाल्या, पहिल्या चार पानांपुढे जात नाही. मी शिस्त कशी लावून घेऊ?
– आ. ज., कराड

उत्तर : शिस्तीचं नंतर बघू. आधी तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी पुन्हा वाचा. कटिंग करताना तहानभूक आठवत नाही, आणि सणाच्या आदल्या रात्री काम झपाट्यानं होतं. जिच्याकडे लक्षच नाही तिच्या हातून यातलं एकही होणार नाही. तुमच्याकडे लक्ष भरपूर आहे, ते हुकमी नाही. काम आवडीचं असलं, नवं असलं, वेळ गळ्याशी आली किंवा शेजारी कुणी बसलं, की ते येतं. नुसतं ‘हे महत्त्वाचं आहे’ म्हणून येत नाही. हूक लावणं महत्त्वाचं आहे हे तुम्हाला कुणी सांगायला नको. तरी हात तिकडे वळत नाही तो यामुळे. याला आळस म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

मी हे लांबून सांगत नाही. मिरजेत माझा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं अशी कामं. चाळिशी ओलांडल्यावर मलाही हेच निदान मिळालं. तोवर कामाची जी घडी मी माझ्या परीनं बसवली होती, तिच्यातलं बरंचसं मी पुढेही तसंच ठेवलं, कारण ते माझ्या स्वभावाला धरून होतं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगते.

प्रूफ वाचणं, म्हणजे छपाईआधीचा नमुना तपासणं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जोखमीचं काम. मुहूर्त किती वाजून किती मिनिटांनी, आजोबांच्या नावामागे ‘श्री.’ की ‘कै.’, ‘चि. सौ. कां.’ कुणाच्या नावाआधी. एक अक्षर चुकलं तरी सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात. एकटी प्रूफ घेऊन बसले की तिसऱ्या ओळीपर्यंत माझं मन बाइंडिंगच्या टेबलापाशी पोचलेलं असायचं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासून छापखान्यांत एक रीत चालत आली होती. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून ताडून बघायचं. वाचणारा नुसते शब्द वाचत नाही. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवी ओळ’ असंही म्हणतो. संगणक आल्यावर अनेकांनी ही रीत सोडली. मी शेवटपर्यंत सोडली नाही. आमचे बाइंडर वाचायचे, मी तपासायची. समोरच्या माणसाचा आवाज चालू असला की माझं लक्ष त्या आवाजाला धरून राहायचं; ते भरकटायच्या आत पुढचा शब्द आलेला असायचा.

तेव्हा माझं पहिलं सांगणं : हूक-काजाला एकटीनं बसू नका. दुपारी शेजारीण भाजी निवडायला येऊन बसली तरी चालेल, सासूबाई वाती वळत बसल्या तरी चालेल. त्यांनी तुमच्यावर देखरेख ठेवायची नाही, नुसतं आपलं काम करत तिथे असायचं. फोनवर बहिणीशी बोलत तुरपाई होत असेल तर खुशाल बोला. कटिंगला हे चालणार नाही, तिथे बोलण्यात माप चुकेल. पण हूक लावताना हात मोकळे नसतात आणि डोकं रिकामं असतं. त्या डोक्याला थोडं खाद्य मिळालं की हात चालत राहतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे हे काम सरळ बाहेर द्या. मोठ्या टेलरांकडचं हातकाम आसपासच्या बायका नगावर करतातच. तुमच्या गल्लीतही अशी एखादी नक्की असेल. ‘एवढ्याशा कामाला कशाला पैसे?’ असं घरात कुणीतरी म्हणेल. त्यांना सांगा, उशिरामुळे जी गिऱ्हाइकं पुन्हा आली नाहीत त्यांची शिलाई आधी धरा आणि मग हिशोब करा. जे काम तुमच्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही, ते अवघड गळ्याचं. तुमचा वेळ तिथेच जायला हवा.

आता पिशव्या. डायरी का चालली नाही आणि पिशव्यांत काम का अडकतं, याचं कारण एकच. डायरी मिटली की तिच्यातलं गेलं, पिशवीला गाठ मारली की त्या ब्लाउजचं अस्तित्व तुमच्यापुरतं संपलं. आपल्यासारख्यांना डोळ्यासमोर नसलेली गोष्ट आठवणीत धरून ठेवणं फार जड जातं. म्हणून आठवण डोक्याबाहेर काढून भिंतीवर टांगायची. छापखान्यात प्रत्येक जॉबचं एक पाकीट असतं. वर गिऱ्हाइकाचं नाव, कागद कोणता, प्रती किती, तारीख काय. आत मूळ मजकूर. पुष्कळ ठिकाणी ही पाकिटं ड्रॉवरमध्ये ठेवतात. मी मशीनसमोरच्या भिंतीवर आडवी तार ओढली होती आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पाकिटं तिला लावायची. डावीकडे आजचं, उजवीकडे लांबचं. काम गेलं की ते पाकीट उतरायचं आणि बाकीची डावीकडे सरकवायची. तारखा जाड शाईनं, लांबून दिसतील एवढ्या मोठ्या. गणपतीच्या आधी तार वाकायची, तेव्हा नवं काम घ्यायचं की नाही हे मला हिशोब न करता कळायचं.

तुम्ही पिशव्या काढून टाका आणि मशीनवर बसल्यावर समोर दिसेल अशी दांडी लावा. प्रत्येक ऑर्डरचा एक हँगर. कापड, अस्तर, मापाचा ब्लाउज एकत्र टाचलेलं, आणि वर पुठ्ठ्याचा तुकडा : नाव आणि तारीख, बाकी काही नको. दांडीवर मावेल तेवढंच काम. दांडी भरलेली असताना नवी बाई आली तर तिला पुढची तारीख. तुमच्यासारख्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, कारण समोरचं नवं कापड लगेच खुणावतं. त्या वेळी दांडीकडे बोट दाखवता येतं.

कटिंगवर बंधन घालू नका, त्याला दिवस ठरवून द्या. आठवड्यातला एखादा वार फक्त कटिंगचा, आणि तो मनसोक्त. त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी बघितला तर उत्तम. एरवीच्या दिवशी कटिंगच्या टेबलावर इस्त्री आणि हातकामाचे कपडे पसरून ठेवा, म्हणजे कापड पसरायला जागाच उरणार नाही.

सणाच्या आदल्या रात्रीचा वेग तुम्हाला हवा आहे, पण जागरण नको. मग तारीख जवळ आणा. नुसती कागदावर जवळ आणून भागणार नाही, ती खोटी आहे हे मनाला माहीत असतं. खरा माणूस दारात यायला हवा. ब्लाउज द्यायच्या चार-पाच दिवस आधी गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवा, दिवस आणि वेळ सांगून. ती येणार म्हटल्यावर टीप मारून झालेली असेलच. ती असतानाच फिटिंगच्या खुणा करा आणि ती गेल्यावर तोच ब्लाउज हातकामाला पाठवा. ट्रायल दिल्यानं फिटिंगच्या तक्रारी कमी होतील हा वेगळा फायदा.

टायमर लावून काम करण्याची एक पद्धत तुमच्या कानावर आली असेल. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ती सुरू केली. हातकामाला जरूर वापरा, हवं तर दहाच मिनिटं लावा. कटिंगला वापरू नका. लागलेली तंद्री घंटेनं मोडली की ती पुन्हा लागायला आपल्याला फार वेळ लागतो, आणि मधल्या वेळात माणूस तिसऱ्याच कामाला लागतो.

गोळ्यांबद्दल. मी डॉक्टर नाही. मी स्वतः गोळी घेते, तेवढ्या अनुभवावर आणि माझ्या डॉक्टरांनी समजावलंय त्यावर बोलते. या आजारावर सर्वांत जास्त वापरलं जाणारं एक औषध मेथिलफेनिडेट. ते १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं, म्हणजे कालचं नाही. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सगळ्या दुकानांत नसतं. यावरून लोक ‘नशेची गोळी’ म्हणून घाबरवतात. ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेल्या गोळीला तसं म्हणणं चुकीचं आहे. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं हे त्रास होऊ शकतात, म्हणून अधूनमधून तपासणी लागते. अ‍ॅटोमोक्सेटिन नावाचं दुसरं औषध वेगळ्या प्रकारचं. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. घरात कुणाला हृदयाचा आजार असेल, तुम्हाला रक्तदाब असेल, दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर ते आधी सांगा. भीती कशाची वाटते ते लिहून न्या आणि डॉक्टरांना तेच विचारा. आणि गोळी सुरू केली तरी दांडी लावाच. गोळीनं माझं प्रूफ वाचून झालं नाही. वाचायला बसणं सोपं झालं.

यजमानांचं म्हणणं काळजीपोटी आहे. त्यांनी वेळापत्रक करण्यापेक्षा संध्याकाळी घरी आल्यावर दांडीवरचे डावीकडचे दोन-तीन पुठ्ठे मोठ्यानं वाचावेत आणि तयार झालेल्या ब्लाउजांचे फोन करावेत. हे त्यांना जमेल आणि तुमचं मोठं ओझं जाईल. मुलाच्या बाबतीत स्वतःला दोष देऊ नका. हा आजार बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, त्यामुळे मुलाच्या तपासणीत आईचं किंवा वडिलांचं निदान होणं डॉक्टरांना नवं नाही. त्याच्या दप्तरातल्या वस्तूही पिशवीत न ठेवता खुंटीला टांगून बघा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७१. माझा पुतण्या इलेक्ट्रिशियन आहे. वायरिंग इतकं नेटकं करतो की बिल्डर त्यालाच बोलावतात. पण बिलं देत नाही, हत्यारं साइटवर विसरतो, फोन उचलायचे राहून जातात. आता त्याला डॉक्टरांनी ‘प्रौढांमधला एडीएचडी’ सांगितला आहे. आमच्या काळी असं काही नव्हतं. हा मोबाइलमुळे आलेला नवा आजार नाही का? आणि मी त्याच्यासाठी काय करू शकतो?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सर, नाव नवं आहे, माणसं जुनीच आहेत. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरानं १७९८ साली आपल्या ग्रंथात लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांचं वर्णन केलं होतं. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ हे नाव दिलं आणि १९८७ मध्ये त्यात ‘हायपरअ‍ॅक्टिव्हिटी’ घातलं. मोठ्या वयातही हा त्रास राहतो हे मान्य व्हायला मात्र फार उशीर झाला. मोबाइलनं लक्ष सगळ्यांचंच उडतं, पण त्यानं हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघणारी, तोंडी परीक्षेत चमकणारी आणि वही कधीच पूर्ण नसणारी मुलं तुम्ही पाहिली असतीलच.

करण्यासारखं पुष्कळ आहे. रविवारी सकाळी त्याला बिलं घेऊन तुमच्याकडे बसायला सांगा. तुम्ही तुमचा पेपर वाचा; विचारपूस नको, उपदेश तर अजिबात नको. तुमच्या शेजारी बसूनच त्याची बिलं होतील. साइटवर मात्र एक नियम त्यानं धरावा : हत्यारांची पिशवी बंद करण्याआधी झालेल्या कामाचा फोटो काढून रकमेसकट गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. घरी जाऊन बिल करू म्हटलं की ते होत नाही. हत्यारांसाठी खिसे शिवलेली कापडी गुंडाळी करून द्या, पक्कडीचा खिसा पक्कडीएवढाच, टेस्टरचा टेस्टरएवढा. गुंडाळताना रिकामा खिसा दिसतो आणि राहिलेलं हत्यार तिथेच आठवतं.

प्रश्न : मी २५ वर्षांचा आहे. पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. गेल्या वर्षी मुख्य परीक्षेत गेलो, थोडक्यात राहिलो. तेव्हापासून पुस्तकात लक्षच लागत नाही. अभ्यासिकेत बसतो, पान तेच राहतं. रात्री दोन-तीनपर्यंत झोप येत नाही. रील्स बघितल्यावर कळलं की मला एडीएचडी आहे. बारावीपर्यंत मी सगळं वेळेवर करायचो, मग हे लपून राहिलं होतं का? गोळी कुठे मिळेल?
– स. पा., पुणे

उत्तर : तू माझ्या मुलापेक्षाही लहान आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. रीलवर सांगतात ती लक्षणं खरी असतात, पण वस्तू विसरणं, कंटाळणं, काम पुढे ढकलणं हे प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतं. निदानाला एवढं पुरत नाही. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, घर, शाळा, काम यांपैकी निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत आणि त्यांनी आयुष्याची खरी अडचण केलेली हवी. दुर्लक्षाच्या आणि अस्वस्थपणाच्या अशा नऊ-नऊ लक्षणांच्या दोन याद्या असतात. मोठ्या माणसात निदान एका यादीतली पाच तरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची छोटी चाचणीही आहे, पण ती फक्त ‘तपासून घ्या’ एवढंच सांगू शकते.

काही हुशार मुलांचं खरोखर लपून राहतं, घरच्यांनी सगळं आखून दिलेलं असलं की विशेषतः. पण तुझ्या पत्रात मला दुसरंच ठळक दिसतं. त्रास निकालानंतर सुरू झाला आणि झोप गेली. झोप गेलेल्या माणसाचं लक्ष असंच वागतं. चिंता, नैराश्य, थायरॉइड, रक्तातलं लोह कमी असणं यांतही पान तेच राहतं. या प्रत्येकावर उपचार वेगळा आहे, म्हणून गोळी मित्राकडून किंवा कुठून मिळेल तिथून अजिबात घेऊ नकोस. मानसोपचारतज्ज्ञांना भेट. लगेच जमत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन कर. तिथे मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. निकालाचं दुःख फार झालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच कर आणि खोलीतल्या मित्रालाही सांग.

तोवर अभ्यासिकेत बसणं सोडू नकोस, पण चार भिंतींकडे तोंड करून एकटा वाचू नकोस. एका मित्राबरोबर राज्यघटनेचं एकेक कलम मोठ्यानं वाच, त्यानं चुका काढाव्यात, मग अदलाबदल. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. नुसत्या वाचनापेक्षा प्रश्न समोर असला की मन लवकर गुंततं. मोबाइल रात्री खोलीबाहेर चार्जिंगला.

डॉक्टरांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून घेऊन जा. शिक्षकांचे शेरे त्यांना वाचायला लागतील. आणि आईला बरोबर ने, किंवा निदान फोनवर ठेव. तू आठ-दहा वर्षांचा असताना कसा होतास हे तिला तुझ्यापेक्षा जास्त सांगता येईल.